कोणतं फळ चालतं? नऊ महिन्यांची माझी वही

मुलगी आता चार महिन्यांची झाली. दुपारी ती झोपते तेवढ्या वेळात हे थोडं थोडं करून लिहिलं आहे. गरोदरपणात कोणतं फळ खावं आणि कोणतं खाऊ नये, हा प्रश्न बाहेरून बघणाऱ्याला किरकोळ वाटेल. मला तो किरकोळ नव्हता. का नव्हता ते आधी सांगते, म्हणजे पुढचं कळेल.

माझं माहेर चंदगड तालुक्यातलं. सासर बेळगाव तालुक्याच्या पश्चिम भागात, उचगावच्या पुढे. मध्ये राज्याची हद्द, बाकी माती तीच, पाऊसही तोच. लग्न २०२१ चं. २०२२ च्या नोव्हेंबरमध्ये मला पहिल्यांदा दिवस राहिले आणि आठव्या आठवड्यात पोट पडलं. त्याच्या तीन दिवस आधी माहेरी परसातल्या झाडाची पिकलेली पपई मी खाल्ली होती. दोन फोडी. दवाखान्यात कुणीतरी विचारलं, "काय खाल्लं होतंस?" मी खरं ते सांगितलं, आणि तेव्हापासून घरात, गल्लीत, माहेरी, सगळीकडे तेच कारण ठरलं. मला कुणी टोचून बोललं नाही. पण हळदीकुंकवाला एखादी नवी सून दिसली की माझ्यादेखत म्हणायच्या, "पपई खाऊ नको बघ, हिचं काय झालं बघितलंस न्हवं?" आईने तर ते झाडच तोडून टाकलं. आपण खाऊन घालवलं, हे दीड वर्ष मी मनात धरून होते.

२०२४ चा पाडवा ९ एप्रिलला होता. पाळी दोन दिवस चुकली होती, मी कुणाला बोलले नव्हते. कडुनिंबाचा पाला आणि गूळ हातावर आला तो मी नुसता जिभेला लावला. १२ तारखेला पहाटे तपासणी केली. किट ६० रुपयांचं. दोन रेघा आल्या. ह्यांना उठवून दाखवलं, दोघेही बराच वेळ काही बोललो नाही. त्याच दुपारी मामांनी, म्हणजे सासऱ्यांनी, आंब्याची पेटी आणली, आणि पेटीचा वास घरभर पसरल्यावर माझ्या पोटात गोळा आला. आंबा उष्ण. खायचा की नाही? कुणाला विचारायचं?

त्या रात्री मी एक लाल पुठ्ठ्याची वही काढली. डाव्या पानावर फळाचं नाव आणि कोण काय म्हणालं ते लिहायचं, उजवं पान डॉक्टरांसाठी कोरं ठेवायचं. आठ दिवसांत डावी पानं भरत गेली. पपई नको, अननस नको. फणस उष्ण आणि जड. आंबा खाल्ला तर बाळाला गळवं होतात. जांभूळ आणि काळी द्राक्षं खाल्ली तर मूल काळं होतं. केळं खाल्लं तर बाळाला कफ होतो. जोडकेळं खाल्लं तर जुळी होतात. सीताफळ थंड, चिक्कू जड, कलिंगडाने पाणी होतं. मी सगळं एकदा वाचून बघितलं तेव्हा आमच्या भागात पिकणारं एकही फळ शिल्लक राहिलं नव्हतं.

पहिली तपासणी २० एप्रिलला, बेळगावात एका खासगी स्त्रीरोगतज्ज्ञांकडे. फी ३५० रुपये. सकाळी आठला नंबर लावला, आत गेले तेव्हा पावणेबारा झाले होते. पाण्याची बाटली आणि काहीतरी कोरडं खायला सोबत ठेवा, मळमळीच्या दिवसांत रिकाम्या पोटी चार तास बसणं फार अवघड जातं. डॉक्टर कन्नड बोलणाऱ्या, पण मराठी छान समजणाऱ्या. त्यांनी आधी शेवटच्या पाळीची तारीख लिहिली, १० मार्च, आणि त्यावरून बाळंतपणाची तारीख काढून दिली, १५ डिसेंबर. फॉलिक अ‍ॅसिडच्या गोळ्या दिल्या. मग मी वही उघडली, पण वहीतलं काही न वाचता एवढंच विचारलं, "मागचं पपईमुळे गेलं का?"

त्यांनी पेन खाली ठेवलं. किती खाल्ली होती, कच्ची होती की पिकलेली, हे विचारलं. मग सांगितलं की पहिल्या तीन महिन्यांत पोट पडतं त्यातल्या निम्म्याहून जास्त वेळा गर्भच मुळात नीट जुळलेला नसतो, गुणसूत्रांत कमीजास्त झालेलं असतं, आणि ते आईच्या खाण्यापिण्याने किंवा उठबशीने होत नाही. पूर्ण पिकलेल्या पपईच्या दोन फोडींनी गर्भ पडत नाही. मी तिथेच रडले. बाहेर सतरा बायका बसलेल्या असताना त्यांनी मला वेळ दिला, त्याबद्दल मी त्यांची कायम ऋणी आहे.

पपईबद्दल त्यांनी सांगितलेलं जसंच्या तसं लिहिते. भीती निघाली ती कच्च्या पपईवरून. कच्च्या किंवा अर्धवट पिकलेल्या पपईत पांढरा चीक असतो, त्यात पपेन नावाचं प्रथिनं विरघळवणारं द्रव्य असतं, आणि तो चीक गर्भाशयाला कळा आणू शकतो. त्यामुळे कच्ची पपई, तिची भाजी, कोशिंबीर गरोदरपणात टाळायचीच. पूर्ण पिवळीकेशरी, मऊ झालेल्या पपईत तो चीक जवळजवळ उरत नाही. नंतर मी वाचलं की सिंगापूरच्या संशोधकांनी २००२ मध्ये उंदरांवर हेच तपासलं होतं. पिकलेल्या पपईच्या रसाने काही झालं नाही, कच्च्या पपईच्या चिकाने मात्र गर्भाशय आकुंचन पावलं. पण बाजारातली पपई बाहेरून पिवळी आणि देठाशी हिरवी असते, ती किती पिकली हे सांगता येत नाही. म्हणून डॉक्टर म्हणाल्या, मनात एवढी भीती असेल तर खाऊ नका, पपईत जे मिळतं ते दुसऱ्या फळांतही मिळतं. आणि कुणी चुकून खाल्ली म्हणून तिला दोष देऊ नका.

बाकीच्या फळांची उजवी पानं दहा मिनिटांत भरली. अननसातलं ब्रोमेलेन, म्हणजे पपेनसारखंच द्रव्य, मुख्यतः मधल्या दांड्यात असतं, गरात कमी. एखादी चकती खाल्ल्याने काही होत नाही, फक्त जळजळ होत असेल तर टाळायचं. फणसाचे चारपाच गरे चालतात. आंबा चालतो. जांभूळ, काळी द्राक्षं चालतात, मुलाचा रंग आईबापाकडून येतो, फळांकडून येत नाही. केळं चालतं. प्रत्येक फळाला त्या "तिन्नबहुदु, स्वल्प" म्हणत होत्या. खायला हरकत नाही, थोडं. शेवटी मी उजव्या पानांवर नुसतं 'स्वल्प' एवढंच लिहीत गेले.

वहीच्या पहिल्या पानावर त्यांनी स्वतःच्या अक्षरात तीन गोष्टी लिहून दिल्या: पूर्ण पिकलेलं, वाहत्या पाण्यात धुतलेलं, घरी कापलेलं. खरा धोका फळाच्या जातीत कमी आणि अस्वच्छतेत जास्त असतो, हे मला तिथे पहिल्यांदा कळलं. सालीवरची माती, जनावरांची घाण, फवारणीचं औषध. साल काढून खायचं फळसुद्धा आधी धुवायचं, कारण सुरी सालीवरची घाण आत नेते. साबण लावायचा नाही, हाताने चोळून धुवायचं. द्राक्षं मी घड सोडवून मिठाच्या पाण्यात पंधरा मिनिटं ठेवायचे आणि मग दोन पाण्यांनी धुवायचे. गाडीवरचं कापलेलं कलिंगड, बर्फ घातलेला रस, हे नऊ महिने बंद. मे महिन्यात बस स्टँडवर कलिंगडाच्या लाल फोडी बघून फार इच्छा व्हायची. मग हे स्वतः अख्खं कलिंगड घरी आणायचे. सकाळच्या मळमळीवर दोन थंड फोडींनी मला जेवढा आराम पडला तेवढा आल्याच्या वडीनेही पडला नाही.

आंब्याचं थोडं वेगळं आहे. कॅल्शियम कार्बाइड घालून फळं पिकवायला आपल्याकडे बंदी आहे, तरी ते वापरलं जातं. त्याच्या वायूने फळ रंगतं आणि त्यात आर्सेनिक, फॉस्फरसचे अंश असू शकतात. इथिलीन वायूने पिकवायला परवानगी आहे, त्यात घाबरण्यासारखं नाही. आम्ही ती पेटी आल्या पावली परत केली नाही, पण त्यानंतर मामांनी ओळखीच्या बागेतून पाडाचे आंबे आणून माळ्यावर गवतात अढी लावली. अढीतला आंबा एकसारखा पिवळा होत नाही, कुठे हिरवा, कुठे केशरी राहतो, पण देठाशी नाक नेलं की वास येतो. खायच्या आधी दोन तास पाण्यात ठेवायचा. दिवसाला एक. गळवं झाली नाहीत, मला नाही आणि मुलीलाही नाहीत.

२ मे रोजी सोनोग्राफीत ठोके दिसले. ९०० रुपये. त्या दिवशी मी घरी येऊन कुणाशीही न बोलता झोपले, इतकं हलकं वाटत होतं.

मग सरकारी नोंदणी. कर्नाटकात गरोदर बाईचं 'तायी कार्ड' निघतं. तायी म्हणजे आई. मी एप्रिलअखेरीस आशाताईंना सांगितलं, पण ७ मे ला लोकसभेचं मतदान होतं आणि सगळी माणसं त्या कामात अडकलेली. कार्ड हातात आलं १३ मे ला. माझं आधार तेव्हा माहेरच्या, म्हणजे महाराष्ट्रातल्या पत्त्याचं होतं. कार्ड निघायला त्याने अडलं नाही, पण बसमध्ये अडायचं. कर्नाटकातल्या बायकांना सरकारी बसमधून ११ जून २०२३ पासून फुकट प्रवास आहे, मात्र ओळखपत्रावर इथला पत्ता लागतो. मी तीन वर्षं इथे राहूनही पूर्ण तिकीट काढत होते. नऊ महिन्यांत बेळगावला किती खेपा होणार हे लक्षात आल्यावर ऑनलाइन पत्ता बदलला. कुटुंबप्रमुखाच्या संमतीने पत्ता बदलायची सोय आहे. ह्यांचा आधार क्रमांक घातला, विवाह नोंदणीचा दाखला जोडला, ५० रुपये भरले. मग ह्यांनी तीस दिवसांच्या आत त्यांच्या मोबाइलवरून संमती द्यायची असते, ती त्याच रात्री दिली. एकोणीस दिवसांनी पत्ता बदलला. नव्या लग्न झालेल्या मुलींना माझं सांगणं आहे, हे काम दिवस राहण्याआधी करून ठेवा. आणि आधारवर जसं नाव आहे तसंच कार्डवर लिहून घ्या. माझ्या कार्डावर आडनावाचं एक अक्षर चुकलं होतं, ते त्याच वेळी दुरुस्त करून घेतलं म्हणून पुढे योजनेचे पैसे नावावरून अडले नाहीत.

४ जूनला बाराव्या आठवड्याची सोनोग्राफी होती. डॉक्टरांनी मागच्या खेपेला सांगितलं होतं, या वेळी सासूबाईंना घेऊन या. आत्या, म्हणजे सासूबाई, आल्या. मतमोजणीचा दिवस, बाहेरच्या खोलीत टीव्हीवर आकडे चालू होते, सगळे तिकडे बघत होते. आत फॉर्म भरून सही, आधारची प्रत, 'इथे गर्भलिंग सांगितलं जात नाही' ही पाटी, हे सगळं झालं. १,२०० रुपये. बाळाने हात हलवलेला आत्यांनी बघितला. नंतर डॉक्टरांनी त्यांना समोर बसवून, पपईबद्दल मला जे सांगितलं होतं तेच सगळं कन्नडमध्ये सांगितलं. आत्यांना कन्नड माझ्यापेक्षा चांगली येते. त्या नुसत्या मान हलवत होत्या.

परतीच्या बसमध्ये हिंडलगा जाईपर्यंत काही बोलल्या नाहीत. मग खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, "माझं पहिलं गेलं तेव्हा फणस म्हणाले होते बघ. तीस वर्षं झाली, मी फणसाला हात लावला नाही."

मला हे कुणीच कधी सांगितलं नव्हतं. ह्यांनाही ठाऊक नव्हतं. त्या दिवसानंतर आमच्या घरात फळांवरून वाद झाला नाही असं नाही, पण आत्या वहीत लिहायला सांगायला लागल्या. "हे विचार की डॉक्टरला," म्हणायच्या.

जूनच्या रक्ततपासणीत हिमोग्लोबिन ९.६ आलं. गरोदरपणात अकराच्या खाली म्हणजे रक्त कमी. सरकारी आरोग्य केंद्रातून लोहाच्या गोळ्या मिळाल्या, फुकट. इथे फळाचा उपयोग मला खऱ्या अर्थाने कळला. लोहाची गोळी चहाबरोबर किंवा चहानंतर लगेच घेतली तर अंगी लागत नाही. व्हिटॅमिन सी असलेल्या पदार्थाबरोबर घेतली तर चांगली लागते. मी गोळी लिंबाच्या सरबताबरोबर घ्यायचे, पुढे पेरू आल्यावर पेरूबरोबर. शंभर ग्रॅम पेरूत जवळपास दोनशे मिलिग्रॅम व्हिटॅमिन सी असतं, संत्र्याच्या कितीतरी पट, आणि पेरू आपल्या परसात होतो. कॅल्शियमची गोळी लोहाबरोबर घ्यायची नाही, मध्ये काही तास जाऊ द्यायचे. मी लोहाची सकाळी अकराला आणि कॅल्शियमची रात्री, असं ठरवून टाकलं. लोहाने पोट गच्च होतं, शौचाला त्रास होतो. त्यावर रात्री भिजवलेली दोन सुकी अंजिरं आणि सालासकट खाल्लेला पेरू याने मला बरं वाटलं.

याच सुमारास अंगणवाडीत दुपारचं जेवण सुरू केलं. कर्नाटकात 'मातृपूर्ण' योजनेतून गरोदर आणि बाळंतिणींना रोज ताजं जेवण देतात, भात, सांबार, भाजी, अंडं, दूध, शेंगदाण्याची चिक्की. सुरुवातीला मला तिथे जाऊन बसायला संकोच वाटला. पण त्या ओसरीवर चार गरोदर बायका एकत्र जेवताना जे बोलणं व्हायचं त्याची किंमत करता येणार नाही. माझी वही तिथे वाचली जायची. एकीला सहावा महिना लागला होता आणि तिने भीतीने तोवर एकही फळ खाल्लं नव्हतं, नुसता भात आणि आमटी.

जुलैच्या पावसात अठराव्या आठवड्याची मोठी सोनोग्राफी झाली, २,२०० रुपये. नाव लिहिलं साडेनऊला, नंबर आला अडीचला, आणि बसायला खुर्च्या सगळ्यांना पुरत नव्हत्या. बाळ ठीक होतं. एवढं पुरे.

सप्टेंबरमध्ये सगळं बदललं. २ तारखेला साखरेची तपासणी केली, पंचविसावा आठवडा. पंचाहत्तर ग्रॅम ग्लुकोज पाण्यात घालून प्यायला देतात, पाचदहा मिनिटांत संपवायचं, आणि दोन तासांनी रक्त घेतात. अतिशय गोड, घशाशी येतं. अर्ध्या तासाच्या आत उलटी झाली तर दुसऱ्या दिवशी पुन्हा करावी लागते, म्हणून हळू घोट घेत शांत बसून राहा. मध्ये काही खायचं नाही, फार हिंडायचं नाही. खर्च १५० रुपये. माझी साखर १५२ आली. १४० किंवा वर म्हणजे गरोदरपणातला मधुमेह.

पाच दिवसांवर गणपती. मोदकाचं सारण करायला नारळ खवून ठेवलेले. मी स्वयंपाकघरात रडत बसले. एप्रिलपासून फळ खायला शिकले होते, आणि आता त्याच फळांनी हे झालं असं वाटलं. फळांनी नव्हतं झालं. गरोदरपणात वार, म्हणजे पोटात बाळाला पोसणारा भाग, जे हार्मोन सोडते त्यामुळे शरीर इन्सुलिनला नीट दाद देत नाही, म्हणून साखर वाढते. माझ्या वडिलांना मधुमेह आहे, त्यामुळे माझी शक्यता जास्त होती. हे डॉक्टरांनी समजावलं आणि आहारतज्ज्ञांकडे पाठवलं. त्यांची फी ३००.

मला वाटलं होतं फळं बंद करतील. बंद केली नाहीत. पण 'कोणतं' हा प्रश्न संपून 'किती, कधी आणि कशाबरोबर' हा सुरू झाला. एका वेळी एक लहान वाटीभर फळ किंवा मुठीएवढं एक फळ. दिवसातून दोनदा, सकाळी अकराच्या सुमारास आणि दुपारी चारला. जेवणावर लगेच नाही, न्याहारीला नाही. नुसतं न खाता मूठभर शेंगदाणे किंवा दही सोबत. रस पूर्ण बंद, घरचासुद्धा, कारण चार मोसंब्यांची साखर एका पेल्यात येते आणि चोथा जातो. चौदा दिवस हे पाळायचं, मग पुन्हा तपासणी. तरीही जेवणानंतर दोन तासांची साखर १२० किंवा वर राहिली तर गोळी किंवा इन्सुलिन.

आम्ही साखर मोजायचं यंत्र घेतलं, पंचवीस पट्ट्यांसह १,१५० रुपये. उपाशीपोटी ९५ च्या खाली आणि जेवणानंतर दोन तासांनी १२० च्या खाली, हे ध्येय. मी डॉक्टरांना विचारून थोड्या पट्ट्या फळांसाठी वापरल्या. सालासकट एक मध्यम पेरू आणि शेंगदाणे: १०६. एक लहान वेलची केळं आणि शेंगदाणे: ११२. पाऊण वाटी डाळिंबाचे दाणे: ११०. दोन चिक्कू: १३८. एक मोठं सीताफळ: १४१. मोठं केळं, एकटंच: १२९. हे आकडे माझ्या शरीराचे आहेत, तुमचे वेगळे येतील, म्हणून स्वतः मोजून बघा. चिक्कू आणि सीताफळ मी सोडलं नाही, अर्ध्यावर आणलं.

गणपतीत मी एक मोदक खाल्ला आणि त्या वेळचा भात सोडला. प्रसादाची फळं सगळी माझ्याच पुढ्यात यायची, "पोटुशी आहेस, खा". आत्यांनी प्रत्येकीला स्वतः सांगितलं की तिचं मोजून आहे. १८ सप्टेंबरच्या तपासणीत दोन तासांची साखर ११६ आली. इन्सुलिन टळलं. हिमोग्लोबिन १०.८.

नवरात्रात उपास करायचा नाही असं डॉक्टरांनी बजावलं होतं. आमच्या भागात त्या दिवसांत रताळी निघतात, शेतातून थेट घरी येतात, आणि उपासाला बायका पोटभर रताळी खातात. मी एक छोटा तुकडा उकडून, साखर न घालता, ताकाबरोबर खायचे. ६ ऑक्टोबरला डोहाळजेवण झालं. ओटीत पाच फळं घालतात. आत्यांनी आदल्या दिवशी बाजारातून पेरू, डाळिंब, मोसंबं, सफरचंद आणि केळी आणली. आलेल्या बायकांनीही फळं आणली, टोपल्या भरल्या. संध्याकाळी आम्ही ती अंगणवाडीत पाठवली.

त्याच महिन्यात मातृवंदना योजनेचा पहिला हप्ता आला, ३,००० रुपये. पहिल्या मुलासाठी एकूण ५,००० मिळतात, उरलेले २,००० जन्माची नोंद आणि बाळाचे पहिल्या फेरीचे डोस पूर्ण झाल्यावर. अर्ज अंगणवाडीताईंनी जुलैतच भरला होता, पण माझं बँक खातं आधारला जोडलेलं नव्हतं म्हणून पैसे अडकून राहिले. बँकेत जाऊन जोडून घेतल्यावर आले. खातं बाईच्या स्वतःच्या नावाचं लागतं.

नोव्हेंबरात सगळ्यांनी खजूर सुचवला. शेवटच्या चार आठवड्यांत रोज सहा खजूर खाल्ले तर कळा लवकर आणि नीट येतात, असा जॉर्डनमधला २०११ चा एक छोटा अभ्यास आहे. डॉक्टर म्हणाल्या, साखर असताना सहा नाहीत. मी एकच खायची.

११ डिसेंबरला पहाटे कळा सुरू झाल्या, दुपारी अडीचला मुलगी झाली. २ किलो ९०० ग्रॅम. साधं बाळंतपण, खासगी दवाखान्यात तीन दिवसांचे सगळे मिळून ३४,००० रुपये. सरकारी रुग्णालयात हेच फुकट होतं, पण आम्ही पहिल्यापासून ज्यांच्याकडे दाखवत होतो त्यांच्याकडेच राहिलो. आईला साखर असल्याने बाळाची साखरही जन्मल्यावर टाचेतून रक्त घेऊन दोनतीन वेळा तपासली. ती ठीक होती. हे आधी ठाऊक नसेल तर बघवत नाही, म्हणून सांगते.

बाळंतपणानंतर माहेरी गेले, तर आईचे नियम वेगळे. फळ थंड, चाळीस दिवस वर्ज्य. मेथीचे, डिंकाचे लाडू आणि शेपू. लाडू तुपासाखरेचे, आणि मला साखर. आईशी पहिल्यांदा मोठ्याने बोलले, मग तिलाही फोनवर डॉक्टरांशी बोलायला लावलं. दुसऱ्या आठवड्यापासून दुपारी एक पेरू मिळायला लागला. डिंकाचा लाडू अर्धा.

ज्यांना गरोदरपणात साखर झाली त्यांनी बाळंतपणानंतर सहा आठवड्यांनी पुन्हा तपासणी करायचीच असते, आणि बऱ्याच जणी बाळाच्या गडबडीत विसरतात. माझी तारीख २२ जानेवारी. आत्या बाळाला घेऊन सोबत आल्या. उपाशीपोटी ८८, ग्लुकोज प्यायल्यावर दोन तासांनी ११८. डॉक्टरांनी वर्षातून एकदा तपासायला सांगितलं, कारण पुढे मधुमेह होण्याची शक्यता अशा बायकांत जास्त असते.

बाहेर आलो तर गणपत गल्लीच्या तोंडाशी गाडीवर पेरू होते, ८० रुपये किलो. आत्यांनी किलोभर घेतले आणि त्यातला एक निवडून माझ्या हातात दिला. "घरी जाऊन धुऊन खा," म्हणाल्या.